वामन सरांचा उलटा हात

४ जून. खोपीतल्या मशीनच्या बेअरिंगांना ग्रीस भरायचं राहिलं आहे. मिरग तोंडावर आला. व्हाळाला पाणी आलं की मग वेळ मिळत नाही. हे काम दरवर्षी वामन सर करायचे. सर एप्रिलमध्ये गेले. उद्या ते काम मला आणि आमच्या वायरमनला, पांडग्याला करायचं आहे, म्हणून आज डबा, पान्हे आणि जुन्या साडीचे तुकडे काढून ठेवले. काढता काढता सरांचा हातमोजा सापडला. एकच, डाव्या हाताचा. उजव्या हातात ते कधी घालत नसत. का, ते सांगते.

खोप म्हणजे आमची लायटीची खोप. धामापूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. डोंगरातून एक व्हाळ, म्हणजे ओढा, खाली येतो, त्याला पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंत चांगलं पाणी असतं. आम्ही वाडीने मिळून त्यावर नळ टाकला, खाली टर्बाईन बसवलं, त्याला जनरेटर जोडला आणि भोवती चिऱ्याची खोली बांधली. खोली पक्की आहे, तरी नाव खोपच पडलं. माझा काजूचा कारखाना आहे. वाडीत सगळ्यात जास्त वीज मी वापरते, म्हणून खोपीची कामंही माझ्याच गळ्यात येतात.

वामन सर आमच्याच वाडीतले. आयुष्यभर बाहेर पॉलिटेक्निकमध्ये मुलांना विजेची यंत्रं शिकवली आणि निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला आले. उंचीने कमी, कानांवर केस, सदऱ्याचा खिसा पेन्सिलींनी फाटलेला. शिकवायला लागले की पुस्तकी मराठी, चिडले किंवा घाबरले की मालवणी. आणि उजवा हात कायम उलटा. कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा हात लावायचा तो मागच्या बाजूने, बोटांच्या पेरांनी. दाराची कडी, चहाचा पेला, म्हशीची पाठ, बहिणीच्या नातवाचं कपाळ, सगळ्याला आधी उलटा हात. क्षणभर थांबायचं, मग सुलटा.

तारेला हात लावायच्या आधी तर ते तिला विचारायचे. हळू आवाजात, शेजारच्या घरात कोणी आहे का बघावं तसं: "आसस?" थांबायचे. परत, "आसस काय गो?" मग उलटा हात.

लोक हसायचे. मालवणच्या मासळीबाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर होते. त्यांनी बांगड्याच्या वाट्यावर उलटी बोटं टेकवली आणि तसेच उभे राहिले. कोळीण म्हणाली, "सरांनू, ताप बघतास काय तेचो? मेलो हा तो."

"कोणी सांगल्यान?" सर म्हणाले.

"माझ्या घोवान. तेनाच धरून हाडल्यान सकाळी."

"घोवान बघल्यान?"

"न्हय, तेका नाडी बघूक येणा नाय! घेतास तर घेवा, नायतर मेल्याक मेलो रवांदे."

बाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सरही हसले, पण वाटा घेताना त्यांनी माशाच्या डोळ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ते 'कोणी सांगल्यान?' त्यांच्या तोंडात सारखं असे. साप मेला म्हटलं, लाईन गेली म्हटलं, अमका वारला म्हटलं, तरी पहिला प्रश्न तोच. बातमी आणणाऱ्याला राग यायचा.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं, खोपीचं बांधकाम चालू असताना, पायरीवर बसून. नोकरीच्या सुरुवातीला ते घाटाखालच्या एका लहान वीजकेंद्रावर होते. पावसात तार तुटली. लाईन बंद केली, आणि शंकर नावाचा त्यांचा जोडीदार खांबावर चढला. "मी खालून सांगितलं, मेली हा, चढ." लाईनीच्या दुसऱ्या टोकाला एका गिरणीवाल्याने वीज गेली म्हणून स्वतःचा जनरेटर सुरू केला होता आणि मधला स्विच पाडायला विसरला होता. त्याची वीज उलटी लाईनीत आली. "शंकरान तळहातान तार धरली. तळहात लागलो की मूठ आवाळता. सुटाक नाय. उलटो हात लागलो असतो तर झटको बसान मागे इलो असतो." एवढं बोलून त्यांनी चिऱ्यांचा हिशेब विचारला. मी सांगितला.

हे मला माहीत होतं, म्हणून जनरेटर निवडायच्या बैठकीत सर इतके का अडून बसले ते मला कळलं. बाकीच्यांना कळलं नाही.

बैठक देवळात झाली. सरांनी जमिनीवर खडूने दोन चौकोन काढले. जनरेटरच्या दोन जाती, सिंक्रोनस आणि इंडक्शन. वीज करायला चुंबक लागतं. सिंक्रोनस आपलं चुंबक आपल्यापाशी बाळगतो. इंडक्शनला ते चुंबक बोर्डाच्या लाईनीकडून उसनं घ्यावं लागतं.

"समजा दोन सुना आहेत," सर म्हणाले. "ही पहिली सून स्वतःची चूल घेऊन आली आहे. घरची चूल विझली तरी ही आपलं शिजवते. दुसरी घरच्याच चुलीवर शिजवते. घरची चूल विझली की हिचं शिजवणं बंद. मला ही दुसरी पाहिजे."

गावकर म्हणजे आमच्याकडे देवळाचा मान असलेला माणूस. ते म्हणाले, "सरांनू, आमका लाईट कधी व्हयी? लाईन जाता तेवा. आणि तुमी सांगतास, लाईन गेली की ही पण गेली. मगे हिची काय पूजा करू?"

"पूजा कर. पण हीच घे. बिल वाचेल."

"आणि काळोखात?"

"काळोखात बसा. माणसा मरनत नाय काळोखान."

खूप आवाज चढले. शेवटी कौल लावायचं ठरलं. माझी हरकत नव्हती. इथे मोठं काम कौलाशिवाय होत नाही, आणि एकदा कौल झाला की निदान भांडण संपतं. देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. गावकरांनी विचारलं, "म्हाराजा, लाईन गेली की झोपणारी मशीन घेवची काय?" आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळाने उजवी कळी पडली. म्हणजे हो. सर खांबाला टेकून उभे होते. जाताना त्यांनी उंबऱ्याला उलटा हात लावला.

मशीन आली. पावसाळाभर छान चालली. लाईन जायची तेव्हा खरोखर झोपायची, सर मुद्दाम खोपीत जाऊन बघून यायचे. गणपतीनंतर मी कारखान्यात कपॅसिटरची पेटी बसवून घेतली. मोटारींना चुंबकासाठी जी वीज लागते ती ही पेटी जागच्या जागी पुरवते, बोर्डाकडून ओढावी लागत नाही. सगळे कारखानदार बसवतात. सरांना सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नाही. आणि सर कारखान्यात यायचे नाहीत. काजूच्या टरफलांच्या धुराने त्यांना खोकला यायचा.

आता राखणेच्या संध्याकाळचं.

भातकापणी उरकली की आमच्या वाडीत एका तिन्हीसांजेला राखणदाराला राखण देतात. राखणदार म्हणजे देवचार. तो वाडीची सीम सांभाळतो, हातात दिवटी घेऊन फिरतो, असं मानतात. त्याच्या दिवटीपुढे दुसरा दिवा चालत नाही. म्हणून गावकर व्हाळाच्या मुखाशी कोंबडा, रोट आणि बाटली ठेवून परत येईपर्यंत कोणी दिवा लावत नाही, आणि गावकर व त्यांच्याबरोबरची दोन माणसं सोडून कोणी व्हाळाकडे जात नाही. तीसुद्धा व्हाळाकडे पाठ करून बसतात. पूर्वी वाती मालवायचे. आता बटणं बंद करतात, आणि कोणी विसरलंच तर म्हणून पांडगो वाडीच्या डीपीवरचे फ्यूज काढून ठेवतो.

पांडगो म्हणजे पांडुरंग, आमचा वायरमन. चाळिशीचा, पोट सुटलेला, पण खांबावर माकडासारखा. लाईन आयतीच बंद असते म्हणून तो दर वर्षी त्या संध्याकाळी खांबांची कामं उरकून घेतो. "देवचार जेवता तवसर माझी कामा जातत," म्हणतो. त्या वर्षीही निघाला. सर त्याच्याबरोबर खांबाखाली जाऊन उभे राहिले. खोपीतला पाण्याचा वाल्व उघडाच होता. तो बंद करायला व्हाळाकडे जावं लागलं असतं, आणि त्या दिवशी ते चालत नाही. गरजही नव्हती. लाईन गेली की मशीन झोपणार होती. सरांनीच तशी निवडली होती, देवानेही हो म्हटलं होतं.

नंतर पांडग्याने सांगितलं, चढायच्या आधी सर म्हणाले, "विचार तिका."

"फ्यूज माझ्या खिशात आसत, सरांनू. ती खंयसून येतली?"

मी कारखान्यात कुलूप लावत होते. दिवे मी बंद केले होते. भट्टीच्या खोलीतला धुराचा पंखा मात्र मी बंद करायला विसरले होते. वीज गेली तसा तो मंदावला. थांबेल म्हणून मी उभी राहिले. थांबला नाही. पाती दिसायला लागली, आणि तिथून तो परत वेग घ्यायला लागला. नेहमीच्या वेगाला आला आणि तिथेही राहिला नाही. असा आवाज त्या पंख्याने कधी केला नव्हता. मला वाटलं पांडग्याने चुकीचे फ्यूज काढले. मी सरांना फोन लावला.

"सर, पांडग्याने फ्यूज काढले ना?"

"काढले. त्याच्या खिशात आहेत. का?"

"माझा पंखा फिरतोय."

"थांबेल. वेगात असतो, वेळ लागतो."

"थांबत नाहीये, सर. वाढतोय."

 सर फोन तोंडापासून लांब धरून ओरडलेले ऐकू आले. "पांडग्या! हात मागे घे! लावू नको! आसा ती! आसा!"

फोन चालूच राहिला. त्यातून एक बारीक गुणगुण येत होती, हळूहळू चढणारी. थोडा वेळ मला कळलं नाही की तोच सूर माझ्या पाठीमागे पंखाही काढतो आहे.

मी खांबाकडे धावले. वाटेत देऊळ लागतं. देवळाच्या ओसरीवरचा जुना पिवळा बल्ब कोणी बंद करायचा विसरलं होतं. सबंध काळोख्या वाडीत तो एकटा जळत होता, आणि पिवळा नव्हता, पांढराशुभ्र झाला होता.

खांबाखाली सर नव्हते. पांडगो वर होता, दोन तारांच्या मध्ये, पट्ट्याला लटकलेला. खालची तार त्याच्या पाठीमागे. चढताना लागली नाही ते नशीब. उतरायचं तर पाठ लागणार.

"वैनी, सर वाल्व बंद करूक गेले. हलू नको म्हणून सांगल्यानी. माझा नाक खाजवता."

"खाजवू नकोस."

"नाय खाजवणंय. माझ्या बायलेक फोन करू नका हां. ती आसात थंय बोंब मारतली, राखण मोडात."

"गप्प राहा."

"गप रवलंय तर तुमका वाटतला मी गेलंय."

तेही खरं होतं. म्हणून मी त्याला बोलत ठेवलं. पोरांच्या शाळेचं विचारलं, गेल्या वर्षीच्या आंब्याचं विचारलं. तारा डोक्यावर गुणगुणत होत्या. सर व्हाळाच्या दिशेने गेले होते, जिथे त्या वेळी कोणी जायचं नसतं, आणि तेही दिव्याशिवाय. त्यांच्याकडे टॉर्च कधीच नसायचा, कुंपणाला उलटा हात लावत ते काळोखात चालायचे.

मध्येच पांडग्याने उत्तर द्यायचं सोडून दिलं.

"पांडग्या?"

"आसंय. वैनी, सरांनी बॅटरी नेल्यानी?"

"नाही."

"मगे तेंच्या पुढे उजेड घेवन कोण चलता?"

खालून मला व्हाळ दिसत नव्हता. मी म्हटलं, गावकरांबरोबरच्या दोघांपैकी कोणी असेल. तो म्हणाला, "गावकर पाठ करून बसलेत. ते मुखाकडे दिसतत. ह्यो खोपीकडे आसा." मग म्हणाला, "गेलो भितुर."

तारांचा सूर उतरायला लागला. मागे वळून पाहिलं तर देवळाचा बल्ब पिवळा झाला, मग तांबडा, मग आत नुसती एक तार दिसली आणि तीही गेली.

सर परत आले ते हळू चालत. खांबाला टेकले, धाप लागली होती. वर पाहून म्हणाले, "आता विचार." पांडग्याने उलटा हात पुढे केला. तो नेहमी हे सरांची नक्कल करून, बायकी आवाज काढून करायचा. त्या दिवशी नक्कल केली नाही. "आसस?" म्हणाला आणि थांबला. परत विचारलं. मग बोटं टेकवली. खाली उतरल्यावर त्याने आधी नाक खाजवलं, मग बसून रडला.

सर माझ्याकडे वळले. "तुझ्या कारखान्यात काय नवीन बसवलंस?"

मी पेटीचं सांगितलं.

"कधी?"

"गणपतीनंतर."

त्यांनी मान हलवली. "घरची चूल विझली, आणि तुझी पेटी मशीनची चूल झाली. चुंबक तिथून घेतलं तिने. बोजा काहीच नव्हता, मग काय, धावतच सुटली. मशीनला लाईनीतून सोडवणारा स्विच वीज गेल्यावर पडणार होता, आणि वीज गेलीच नाही." मग म्हणाले, "तू मेन स्विच पाडला असतास तरी संपलं असतं. पण ते तुला कोण सांगणार? मलाच माहीत नव्हतं."

"तुम्ही वाल्व वेळेवर बंद केलात ते बरं झालं."

सरांनी आपले हात पाहिले. मग मालवणीत म्हणाले, "वाल्व मी बंद केलंय नाय गो. मी पोचलंय तेवा बंद झाल्लो."

माझं मत असं की त्यांनीच तो बंद केला. घाबरलेल्या माणसाला आपले हात काय करून बसले ते आठवत नाही. मी तसं म्हटलंही. पण त्या वाल्वचं चाक गंजलेलं आहे, ते फिरवलं की दोन्ही तळहात तांबडे होतात, साबणाने दोनदा धुवावे लागतात. सरांच्या घरी पोचल्यावर मी दिव्याखाली त्यांचे हात पाहिले. स्वच्छ होते.

गावकरांना विचारलं. त्यांनी खोपीकडे कोणीही गेलं नसल्याचं सांगितलं. मशीनबद्दल बोलल्यावर उखडले. "देवान घेवची म्हणान सांगल्यान. झोपतली असा देव खंय बोललो? ता तुमी बोललास."

सरांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी माझी पेटी अशी जोडून दिली की बाहेरची लाईन गेली की ती वेगळी पडते. मग वाडीत एक नियम केला. कोणीही खांबावर चढण्याआधी एकाने खोपीत जाऊन हाताने पाणी बंद करायचं. राखणेच्या दिवशी हे काम दुपारीच उरकायचं, गावकरांनी ते मान्य केलं. पुढच्या वर्षी देवाला घातलेल्या गाऱ्हाण्यात त्यांनी आपणहून भर घातली, "लायटीच्या खांबार चढणाऱ्याक सांभाळ रे म्हाराजा," आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. पांडगो सगळ्यात मोठ्याने.

सर बदलले ते एवढंच की त्यानंतर खोपीत शिरतानाही थांबायला लागले. दाराशी उभे राहायचे आणि काळोखात विचारायचे, "आसस?" आत फक्त मशीन. मी एकदा म्हटलं, "सर, दाराला करंट कुठे असतो?" ते म्हणाले, "दाराक विचारूक नाय." पुढे मी विचारलं नाही.

या वर्षी शिमग्यानंतर ते झोपूनच होते. एप्रिलमध्ये मी भेटायला गेले तेव्हा बहीण म्हणाली, त्यांना दिसत नाही, ओळखतही नाहीत. मी खाटेजवळ बसले. त्यांचा उजवा हात गोधडीतून निघाला आणि हवेत चाचपडत माझ्या मनगटाला लागला. उलटा. बोटं गार होती.

"आसस?" त्यांनी विचारलं.

"आहे, सर. सुलभा."

ते थांबले. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात जुनं हसू आलं. "कोणी सांगल्यान?"

त्यानंतर ते बोलले नाहीत. दोन दिवसांनी डॉक्टरांनी गेले म्हणून सांगितलं. न्यायच्या वेळी तिरडीला दोर बांधायला लागले तेव्हा पांडगो पुढे झाला आणि म्हणाला, "थांबा जरा." त्याने सरांच्या कपाळाला उलटा हात लावला आणि विचारलं, "आसात, सरांनू?" तीन वेळा विचारलं, दर वेळी थांबून. कोणी हसलं नाही. मग तो म्हणाला, "बांधा."

५ जून. सकाळी पांडगो आणि मी खोपीत गेलो. पाणी बंद झालं की आम्ही वाल्व उघडा ठेवतो, म्हणजे चाक गंजून बसत नाही. शिमग्याला तो मीच उघडून ठेवला होता, आणि खोपीच्या कुलपाची किल्ली तेव्हापासून माझ्या कपाटात आहे. वाल्व बंद होता, घट्ट.

"तू केलास?" मी विचारलं.

"नाय. तुमी?"

"नाही."

पांडगो दारातच थांबला. मी चाकाजवळ गेले. लोखंडी चाक, त्यात वीज यायचं कारण नाही, आणि खाली व्हाळ कोरडा पडला होता. मी हातातले माझे मोजे काढले आणि उजव्या हाताची उलटी बोटं चाकाला लावली. विचारलं, आणि थांबले. मग दोन्ही हातांनी चाक फिरवून उघडलं, तळहात साडीच्या तुकड्याला पुसले आणि पांडग्याला म्हटलं, ग्रीसचा डबा आण.